कुदळीचं गाणं

इल्डाबाईंनी चाळीस वर्षांत कुदळ हाती धरली नाही, तरी ट्रेलॉनीच्या डोंगरातली निम्मी कोनफळं त्यांच्याच जिवावर उगवली. वीस गडी एका रांगेत खणायचे आणि बाई त्यांच्यापुढे उलट्या पावली चालत गायच्या. आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. मजुरी नाही, दुपारी खारा मासा नि उकडलेली हिरवी केळी. पुढे गाण्याचा मान खरा पुरुषांचा. पण बाईंच्या आईनं तो मिळवला होता आणि लेकीनं सोडला नाही.

त्या गड्यांत लिनवल नावाचा एक होता. कामात अंगचोर, गळ्यानं गोड. तो राजधानीत, किंग्स्टनला जाऊन रेगे संगीत गायला लागला आणि बाईंच्या आईचं ‘ऊठ माती ऊठ’ त्यानं साऱ्या बेटाच्या तोंडी बसवलं. लग्नात तेच, बसगाडीत तेच, बेट सोडून गेलेल्यांच्या लंडनला जन्मलेल्या नातवंडांनाही तेच पाठ.

म्हणून तर घोटाळा झाला. गावातल्या लोकगीतांच्या स्पर्धेत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इल्डाबाई तेच गाणं गायला उभ्या राहिल्या, तर शहरातून आलेले परीक्षक पिनॉकसाहेब म्हणाले, “मिस इल्डा, हे लिनवलचं गाणं. इथं लोकगीतं हवीत.”

बाईंचा पारा चढला. आईचं गाणं आईच्याच गावात परकं ठरत होतं. “साहेब, उद्या सकाळी शेतावर या. बूट जुने घाला.”

साहेब आले, पण चकचकीत बुटांत. आठ गडी कुदळी घेऊन तयार होते. बाईंनी आधी लिनवलची रेकॉर्ड लावायला सांगितली. चार ओळींत कुदळी एकमेकींवर आदळायला लागल्या. “बंद करा ते, माझा अंगठा जाईल!” गड्यांतला रूफस ओरडला.

मग बाई गायल्या. प्रत्येक ओळीनंतर त्या क्षणभर थांबायच्या आणि नेमक्या त्या क्षणी आठ कुदळी एकदम मातीत रुतायच्या. रेकॉर्डमध्ये ते थांबणंच नव्हतं.

“पटलं, पटलं! पुरे!” साहेब म्हणाले.

पण रांग शेताच्या टोकाला पोचल्याशिवाय गाणं थांबवायचं नाही, हा इथला नेम. साहेब बुटांनी ढेकळं तुडवत टोकापर्यंत आले.

“म्हणजे लिनवलनं चोरलं म्हणायचं!” ते धापा टाकत म्हणाले.

“तोंड सांभाळा! मी शिकवलंय त्याला. आमची माती जगाला ऐकवली पोरानं. जरा घाईत होता, एवढंच.” बाईंची मान अशी ताठ झाली की गडीही सावरून उभे राहिले.

साहेबांनी कागद काढला. “मग गाणं कुणाचं लिहू?”

“फ्रान्सेला. माझी आई. पण तिच्या नावाच्या वर जागा सोडा साहेब. तिलाही कुणीतरी शिकवलंच असेल.”

पिनॉकसाहेबांनी तीन ओळी कोऱ्या सोडल्या आणि चौथीवर फ्रान्सेलाचं नाव लिहिलं.