भास्करभावजींचे दोन अर्ज

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आलेत. खोटं कशाला बोलू? भास्कर उकिडव्यांच्या जिवाला जो घोर लागला, तो माझ्यामुळेच.

सहासष्ट सालची गोष्ट. हे म्युनिकजवळ गार्चिंगला अणुभट्टीवर डॉक्टरेट करत होते आणि आम्ही गावातच एका म्हातारीच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो. भास्करभावजी म्हणजे आमच्या ह्यांचे मित्र, म्युनिकच्या विद्यापीठात अर्थशास्त्राला. दर रविवारी जेवायला आमच्याकडे. अंगानं काडी, आणि स्वभाव असा की बसमधून उतरून आमच्या दारात येईपर्यंत तिकीट मुठीत धरलेलं. वडील लंडनला नोकरीला असताना भावजींचा जन्म झाला आणि वर्षभरात मंडळी साताऱ्याला परतली. त्यामुळे जन्मानं ब्रिटिश, आईबापांमुळे भारतीय, कायद्यानं दोन्ही. पासपोर्ट मात्र एकच, आपला. ब्रिटिश मागितला असता तर मिळाला असता, पण तो हातात घेतला की आपलं नागरिकत्व गेलं, असं वकिलातीतल्या बाबूनं बजावलं होतं.

परीक्षा झाली. जर्मनीत राहायचा परवाना एकतीस डिसेंबरपर्यंतचा. तोवर नोकरी लागली नाही तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. त्यात मंदीचं वर्ष. सोळा बँकांना अर्ज गेले, सोळा नकार आले. सतराव्या बँकेचं मुख्य कार्यालय फ्रँकफुर्टला. तिकडून तीन आठवडे काहीच नाही. रविवारी भावजी ताटावर नुसते बसायचे. मला बघवेना.

"अहो भावजी," मी म्हटलं, "देवानं दोन देश दिलेत, तर एकाच्याच नावानं काय रडत बसायचं? त्याच बँकेच्या स्टुटगार्ट शाखेची जाहिरात आलीय ना, लंडनला पाठवायला माणूस हवा म्हणून? तिथे ब्रिटिश म्हणून लिहा की! फ्रँकफुर्टला कोण सांगायला जातंय?"

"वहिनी, खोटं होईल ते."

"खोटं कसं? आहातच ना तुम्ही?"

त्यांनी लिहिलं. इथे आपली माहिती टाइप करून चालत नाही, स्वतःच्या हातानं लिहावी लागते. मग बँक तो कागद अक्षरतज्ज्ञाकडे पाठवते आणि तो म्हणे वळणावरून माणसाचा स्वभाव सांगतो. आमच्याकडचे जोशीबुवा परवडले, ते निदान जन्मवेळ तरी विचारतात!

नोव्हेंबरात स्टुटगार्टहून पत्र आलं. मंगळवारी भेटीला या. तुमच्या दोन्ही अर्जांबद्दल बोलायचं आहे. दोन्ही! भावजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी, हे लोक सगळं फायलीत ठेवतात. एकदा लबाड ठरलो की परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या पोलिसांना कळवतील. डिसेंबरसुद्धा बघायचा नाही मी."

हे नुसते माझ्याकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. मी गणपतीला एकवीस मोदक बोलले. गार्चिंगमध्ये नारळ कुठून आणणार, हा विचारही केला नाही.

मंगळवारी माझं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं, यांच्या शर्टाला इस्त्रीचा डाग पडला. पाचच्या बसनं भावजी आले आणि कोट न काढताच खुर्चीवर बसले.

"दिली नोकरी," ते म्हणाले.

मी ओरडलेच. खालून म्हातारीनं काठीनं छत ठोकलं.

"ऐका तरी. साहेबानं दोन्ही अर्ज समोर मांडले. हे दोन्ही तुम्हीच? मी म्हटलं, हो. वाटलं, आता फोन उचलतोय. पण तोच ओशाळला होता. त्यानं आणखी दोन कागद काढले. अक्षरतज्ज्ञाचे. तज्ज्ञ एकच, मधे तीन आठवडे. भारतीय अर्जावर लिहिलं होतं: दबलेलं अक्षर, दुसऱ्यावर अवलंबून राहणारा, निर्णय घेऊ शकणार नाही, शिफारस नाही. ब्रिटिश अर्जावर: संयमी अक्षर, आत्मविश्वास, जबाबदारी पेलेल, जरूर घ्यावा."

"मेल्याचं पितळ उघडं पडलं की हो!" मला हसूही येत होतं आणि संतापही. "हात तोच, शाई तीच! मग तुम्ही सुनावलंत की नाही?"

"साहेब म्हणाला, याची वाच्यता नको. एकच अर्ज आला असं समजू. एक तारखेपर्यंत ब्रिटिश पासपोर्ट आणून दाखवा. आणि पहिला अर्ज माझ्यासमोर फाडला."

"आणि तुम्ही?"

"मी डांके म्हटलं. आभार मानले त्याचे."

पेढे नव्हते, साखर आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली नाही.

"वहिनी, तो शिफारस नसलेला… तोही मीच होतो ना?"

मीच तर धाडलं होतं त्यांना त्या वाटेनं. फार वाईट वाटलं मला, आणि त्या साहेबापेक्षा स्वतःचाच राग आला.

"आईला काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"नोकरी लागली म्हणून लिहा," मी म्हटलं. "कोणाला लागली, ते लिहू नका."