सळ्या एक सूत लांब

आमच्या घरात एक गाडी आहे, हातभर लांब, आणि ती खेळणं नाही असं मला रोज सांगितलं जातं. चार जाड रबरी चाकं आहेत, रिमोटवर चालते, पण पळत नाही. तिचं काम दगडावर चढणं. पुरुषभर उंचीचा दगड चढायला तिला दहा मिनिटं लागतात. बाजूने चांगली पायवाट असते. मग बाजूने का नेत नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. तिथले गाडीवाले सगळे हसले. उत्तर कोणी दिलं नाही, अजून दिलेलं नाही.

गाडी मुलाची. तो बंगळूरला गेला तेव्हा माळ्यावर टाकून गेला. माझे यजमान इथल्या मोठ्या कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लोखंड मापात कातायचं काम. निवृत्तीनंतर आम्ही अवधपुरीत घर घेतलं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. पाय वाचला. रोज चाला, असं डॉक्टर सांगत होते, पण हा माणूस गॅलरीत बसला तो आठ महिने बसूनच. मी ओरडले, मुलगा फोनवरून ओरडला, काही उपयोग झाला नाही.

समोरच्या इमारतीत दातांची डॉक्टरीण राहते. तिच्याकडेही तसलीच गाडी आहे. आमच्या माळ्यावर एक आहे हे कळल्यावर ती यजमानांना रविवारी आपल्या कारमध्ये बसवून गावाबाहेर केरवाकडच्या दगडांवर घेऊन गेली. तिथे असल्या गाड्यांचे आणखी शौकीन जमतात. रिमोट गुडघ्यांत धरून डाव्या हाताने चालवायचं तिनेच शिकवलं. पुढच्या रविवारी हे सकाळी सहालाच बूट घालून तयार. मला त्या गाडीचं काही देणंघेणं नव्हतं. बुटांचं होतं.

दोन महिने बरे गेले. मग एका रविवारी गाडी दगडावरून खाली आपटली. मागच्या दोन लिंक तुटल्या आणि दोन वाकल्या. लिंक म्हणजे सळ्या. चाकांचा आस गाडीच्या पोटाला चार सळ्यांनी धरलेला असतो, आणि सळीच्या दोन्ही टोकांना भोकाची प्लॅस्टिकची टोपी असते. त्यामुळे चाक वरखाली होऊ शकतं. एवढं मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

डॉक्टरीण म्हणाली, "अंकल, नया सेट बाहर से आएगा, महीना लगेगा. और दाम सुनकर आंटी मुझे घर में घुसने नहीं देंगी."

"घुसने दूँगी," मी म्हटलं. "चाय नहीं मिलेगी."

ती गेल्यावर यजमान म्हणाले, "संपलं. रविवार बंद." आणि गॅलरीत जाऊन बसले.

ते बसणं मला ओळखीचं होतं. मी मागोमाग गेले.

"जन्मभर लोखंड कापलंत, आणि चार सळ्या होत नाहीत तुमच्याच्याने?"

"हात कुठाय?"

"माझे दोन आहेत."

"तुला काय येतं?"

"ब्लाउज येतात."

दुपारी बघते तर माझ्या विणायच्या सुया त्यांच्या मांडीवर. न विचारता घेतल्या होत्या. त्या ॲल्युमिनियमच्या असतात, म्हणाले, कापून बघ. मी एक कापली. त्यांनी ती टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबली तर वाकली. "बिनकामाची," म्हणाले, जणू सुई मीच त्यांच्या गळ्यात मारली होती. माझी जोडी फुटली ती फुटलीच.

मग त्यांनी चिठ्ठी सांगितली, मी लिहिली आणि आनंद नगरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. तीन मिलिमीटरची आट्यांची सळई, म्हणजे सगळ्या अंगावर स्क्रूसारखे आटे असलेली, आणि तिच्यावर बसेल अशी ॲल्युमिनियमची नळी. दोन्ही स्वस्त वस्तू. दुकानदार म्हणाला, "माताजी, बनवा क्या रहे हो?" मी म्हटलं, "पता नहीं." खरंच माहीत नव्हतं.

पद्धत अशी होती. सळई कापायची, तिच्यावर नळी चढवायची आणि दोन्ही टोकांना जुन्या लिंकच्या टोप्या पिळायच्या. टोप्या नळीला टेकल्या की थांबायचं. म्हणजे नळी जेवढी, तेवढी लिंक. शिवणाच्या टेबलाला सळई घट्ट धरणारा शिकंजा आवळला. मी करवत चालवायची, यजमानांनी खुर्चीतून बोलायचं.

"माप भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत घे."

"भोकाच्या मध्यावर काही नाहीच. टेप कुठे टेकवू?"

"अगं, अंदाजाने नाही, मध्य काढून!"

"नसलेल्या जागेचा मध्य?"

त्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनी नळीचंच माप काढून सांगितलं. ते मिलिमीटरमध्ये. माझा शिंप्याचा टेप इंचांचा आणि मी चौथीपर्यंत शिकलेली. टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर असतात, ते बघून मी खूण केली. आणि मग, हाताच्या सवयीने, खुणेच्या पुढे एक सूत सोडून कापलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवणात आम्ही माया ठेवतो, दाबायला थोडं कापड जास्त. आधी अंगावर घालून बघायचं, मग कमी करायचं. कमी कापलेलं कापड काही वाढत नाही. चारी नळ्या मी तशाच कापल्या आणि कानशीने कडा साफ केल्या.

"मापात?" त्यांनी विचारलं.

"मापात," मी म्हटलं. माझ्या लेखी माया मापातच धरतात. बसवून बघू, जास्त वाटलं तर घासू, असा माझा हिशेब होता. बसवल्या तर चारी छान बसल्या. मग घासायचं कशाला?

त्या रविवारी मीही गेले. तिथे एक उभाच्या उभा दगड आहे, त्याला डॉक्टरीण अकलदाढ म्हणते. कोणाचीच गाडी तो चढत नव्हती, निम्म्यावर जाऊन मागे उलटायची. यजमानांची गाडी निम्म्यावर थांबली, पुढची चाकं उचलल्यासारखी झाली, परत टेकली, आणि वर गेली. लोक टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टरीण म्हणाली, "अंकल, किया क्या आपने?"

"कुछ नहीं. लिंक बनाई." इतका ताठ माणूस मी कारखान्याच्या दिवसांतही पाहिला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी व्हर्नियर काढायला लावलं. ते बारीक मापाचं हत्यार मी धरलं, त्यांनी डाव्या हाताने जबडा सरकवला. चारी लिंक मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"तीन मिलिमीटर जास्त. चारीही."

"माया ठेवली होती."

"लोखंडाला माया ठेवतात का कधी!"

"चढली ना पण?"

"म्हणूनच चढली!"

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं? असा जॉब माझ्या हाताखालच्या माणसाने आणला असता तर मी भंगारात फेकला असता. आणि तिथे सगळ्यांना सांगून आलो, मी बनवली."

त्यांनी समजावलं. सळ्या लांब झाल्या म्हणून मागची चाकं मागे सरकली, गाडी लांब झाली, म्हणून उलटली नाही. मी म्हटलं, मग अजून लांब करू. तर म्हणाले, मग पोट दगडाला घासेल, अडकेल. मी विचारलं, मग बरोबर माप कोणतं?

"माहीत नाही," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

"पुढच्या रविवारी मी येत नाही म्हणून सांग तिला."

माझं डोकं चालेना. गाडी मोडली तर हा माणूस घरी बसतो. गाडी चढली तरी घरी बसतो. मग मी करवत चालवून बोटं सोलून घेतली ती कशासाठी? तसं बोलूनही दाखवलं. त्यावर गॅलरीचं दार लागलं.

सोमवारी मी भाजी निवडत होते तर हे पिशवी घेऊन दारात उभे.

"कुठे निघालात?"

"नळी आणायला."

"मी आणते की."

"तू काहीही आणशील."

आणि गेले. एकटे, पायी, एवढ्या लांब. मी जिन्यापर्यंत धावले आणि परत आले, कारण मागे लागले असते तर रागाने परत फिरले असते. दोन तास भाजी तशीच पडली होती. आले ते घामाने भिजून. पिशवीत तीन सेट होतील एवढी नळी.

एक सेट अगदी मापाचा, एक अर्धं सूत जास्त, एक दोन सूत जास्त. मी कापायचे, त्यांनी प्रत्येक मोजून घ्यायची, आणि दर रविवारी एक सेट लावून त्याच दगडावर न्यायचा. यातलं मला फक्त कापणं कळतं. तिन्ही सेट डोळ्याला सारखेच दिसतात, म्हणून मी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. लाल म्हणजे कोणता ते मी विसरते आणि बोलणी खाते.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी अजून खरं सांगितलेलं नाही. कधी सांगणार विचारलं तर म्हणतात, आधी बरोबर माप कोणतं ते कळू दे.