बागेच्या फाटकावरची पाटी

हसणार नसाल तरच सांगते. आणि हसायचेच असेल, तर आधी चहाचा कप खाली ठेवा. सतरंजी परवाच धुतली आहे.

मी जुनी मॅट्रिक. आमच्या डोणगावात लग्नपत्रिका छापायला जाण्यापूर्वी माझ्या नजरेखालून जाते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले मला खपत नाही आणि वाकडा वाफाही खपत नाही. माझी बाग पाहिली आहे ना तुम्ही? कडेने तिरप्या विटा, मागे उंच झेंडू, पुढे बुटकी शेवंती, फाटकाशी निशिगंध. उंच झाड पुढे लावले, तर मागच्याने ऊन काय उसने आणायचे? झेंडूचे रोप वीतभर झाले की मी त्याचा शेंडा खुडते. बघणारे हळहळतात. अहो, शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी फुले! पण ऐकतो कोण?

यंदा विहार समितीच्या बैठकीत मी उभी राहून जाहीर केले, "विजयादशमीला विहारात सगळी फुले माझ्या बागेतली. बाजारातले एकही नको." टाळ्या पडल्या.

आता, त्याच दिवशी अवघ्या गावाला तोरणासाठी झेंडू हवा असतो. आणि फाटक ढकलून चार फुले नेणे याला आमच्याकडे कोणी चोरी मानतच नाही! म्हणून पाटी लावायचे ठरवले.

वाक्य मी स्वतः रचले: ‘परवानगीवाचून या बागेतील फुले न तोडण्याची सक्त ताकीद आहे.’ मग वाटले, ‘ताकीद’ फारच पोलीस ठाण्यातली वाटते. सणासुदीला शेजाऱ्यांना ताकीद कसली द्यायची? तेवढा एक शब्द खोडला, तिथे ‘मनाई’ घातली आणि कागद सुधाकर पेंटरच्या हाती दिला.

सुधाकर पन्नाशीचा माणूस. कागद वाचून डोके खाजवू लागला.

"काकू, हे बराबर हाये न?"

"का? काय झाले?"

"नाई, म्हंजे... वाचताना मले जरा अडकल्यासारखं होऊन राह्यलं."

"तू ब्रश चालव. व्याकरण मी पाहते."

चालवला बिचाऱ्याने. लाल रंगात, टपोऱ्या अक्षरांत.

विजयादशमीला अंघोळ आटोपून, टोपली घेऊन बाहेर आले आणि पायरीवर मटकन बसले. बागेत फूल म्हणून नाही! नुसते हिरवे देठ! आणि शेजारची कमल निशिगंधाच्या शेवटच्या दांड्याशी वाकलेली, ओच्यात मावेना इतका झेंडू!

"कमल! लाज नाही वाटत?"

"काऊन काकू? मी तं उशिरा आली. सुलोचनाबाई अन् टेलरच्या घरचे कवाचेच घेऊन गेले."

"फाटकावरची पाटी वाचली नाहीस?"

"वाचली न! म्हणूनच तं आली. नाई तं माह्या घरी हाये झेंडू."

ऐकलेत? म्हणूनच तं आली! तिचा हात धरून तिला फाटकाशी नेले. आवाज ऐकून समोरच्या घरातल्या सुलोचनाबाई आणि आणखी पाच-सहा जणी जमल्या. सगळ्यांना पाटीसमोर उभे केले, चष्मा पुसला आणि शब्दाशब्दावर बोट ठेवून खणखणीत आवाजात वाचू लागले, "परवानगीवाचून... या बागेतील फुले... न... तोडण्याची..."

‘सक्त मनाई’पर्यंत आवाज पोचलाच नाही.

"न तोडाची मनाई," कमल हळूच म्हणाली. "म्हंजे तोडाच लागते न, काकू?"

"आमाले बी पैले वाटलं, चूक झाली असन," सुलोचनाबाई अगदी नम्रपणे म्हणाल्या. "पन म्हनलं, काकूनं लिव्हलं हाये. काकूची चूक होते का कधी?"

"न तोडता गेलो असतो, तं तुमीच रागावल्या असत्या!" कमलने पदर तोंडाशी धरला, आणि ओच्यातले चार झेंडू घरंगळत माझ्या पायाशी आले.

चूक दाखवायचा धीर एकीलाही झाला नाही. फुले तोडायचा मात्र साऱ्यांना झाला! बरे, परत मागावीत, तर बाकीच्यांची तोरणे ओवून दारांवर चढलेली, आणि कमलच्या ओच्यातल्या फुलांत अख्खा विहार काय सजणार!

दहाला विहारात कार्यक्रम, आणि साडेआठला मी बसस्टँडवर! पदर कपाळापर्यंत ओढून, हातगाडीवाल्याकडून झेंडू घेत होते. आणि झेंडू तरी कसला! देठ तुटके, पाकळ्या पाणी मारमारून कुजत आलेल्या. माझ्या बागेत असली फुले मी खतात टाकते.

विहार सजला. सचिव माइकपाशी गेले. "यातलं एकही फूल बाजारातलं नाही! हे सगळं आपल्या काकूंच्या बागेतलं!"

टाळ्यांचा कडकडाट. मी उठून दुरुस्ती करायला हवी होती. अर्धी उठलेही. मग निऱ्या नीट केल्या आणि पुन्हा खाली बसले.

लगेच पंचशील सुरू झाले. एरवी माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो आणि कोणाचा उच्चार चुकला की मी वळून पाहते. त्या दिवशी चौथ्या शीलापाशी, खोटे न बोलण्याच्या शीलापाशी, मला नेमका खोकला आला. पाचवे सुरू होईपर्यंत तो काही केल्या थांबला नाही.