बोलता येईल इतकंच पळायचं

आवडी या चेन्नईच्या उपनगरातल्या आमच्या क्वार्टर्सना लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या समोरच्या दारात जे गृहस्थ राहतात, त्यांच्यामुळे मी एक्कावन्नाव्या वर्षी पळायला लागलो. प्रेरणा वगैरे काही नाही. मला तो माणूस सहन होत नव्हता.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात. मी खडकीहून बदलीवर आलेला, तपासणी विभागात. ते स्टोअर्समध्ये, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. मी इथे आलो तेव्हा बायको म्हणाली होती, "बरं झालं, समोर मराठी माणूस आहे." पहिल्याच भेटीत ते बोलायला लागले आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सूर सगळा तमिळ, शब्द कुठल्या तरी जुन्या दस्तातून उचललेले, 'सगळं'ला 'अस्कं'. वर त्यांचं ठाम मत असं, की बिघडलेली आहे ती आमची मराठी.

तर एका संध्याकाळी मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढलो आणि शेवटच्या वळणावर कठड्याला टेकलो. ते दारातच उभे होते. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काय हो, एवढ्याशा पायऱ्यांला असा दम लागालागला?"

हा प्रश्न विचारणाऱ्याचं पोट त्याच्या आधी बाहेर आलेलं होतं. वय माझ्यापेक्षा सात वर्षांनी जास्त. हे त्यांना सुनावणार होतो, पण बोलायला श्वासच नव्हता.

त्याच रविवारी मी टी. नगरला जाऊन बूट आणले. दुकानातल्या पोराने मला काचेच्या पट्टीवर चालायला लावलं आणि माझा पाय आत वळतो असं जाहीर केलं. पन्नास वर्षं त्याच पायांनी मी व्यवस्थित चालत होतो, पण बूट घेतले. हिरवेगार. बायको म्हणाली, "रात्री चमकतील."

सोमवारी सकाळी सव्वापाचला खाली उतरलो. कॉलनीला वळसा घालणारा एक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये पाण्याची टाकी आणि पंपाची खोली. मी आपला जोरात सुटलो. शाळेत असताना मी शंभर मीटरमध्ये दुसरा आलो होतो, त्या आठवणीच्या भरवशावर. टाकीपर्यंत पोचलो आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. सूर्य उगवायचा होता, तरी बनियन पिळून काढावा इतका घाम. इथल्या हवेत पाणीच असतं, माणूस ती श्वासात घेतो की पितो ते कळत नाही.

तिसऱ्या दिवशी टाकीजवळ उभा राहून धापा टाकत होतो, तर समोरून कोणीतरी थपथप करत आलं. शेजारी. अंगात ऑफिसच्या क्रीडादिनाचा जुना टी-शर्ट, खाली कडक इस्त्रीची हाफ पँट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हे जिन्यातून माझे बूट बघून उतरले होते, याविषयी मला शंका नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी लगेच पळायला लागलो.

पुढचे तीन आठवडे जे चाललं त्याला व्यायाम म्हणणं म्हणजे व्यायामाचा अपमान. मी उजवीकडून निघायचो, ते डावीकडून. वळशावर दोनदा समोरासमोर यायचो. त्या क्षणी दोघंही पाठ ताठ करून, तोंड मिटून, चेहऱ्यावर काही विशेष चाललेलं नाही असा भाव आणून वेग वाढवायचो. वळण पार झालं की मी झाडाला धरून उभा. तेही तेच करत असणार, कारण त्यांची पुढची फेरी फार उशिरा यायची. रोज, सातही दिवस. एकाने सुट्टी घेतली तर दुसरा जिंकला असता. काय जिंकला असता ते मात्र दोघांनाही सांगता आलं नसतं.

चौथ्या आठवड्यात माझ्या नडगीत अशी कळ निघाली की पाय टेकवेना. दवाखान्यात फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसलो, तर तिथे आधीच शेजारी. टाच वर उचलून धरलेली. मी दुसऱ्या टोकाला बसलो.

फिजिओथेरपिस्ट एक तरुण बाई होत्या. त्यांनी दोन्ही केसपेपर एकदम हातात घेतले आणि वाचता वाचता थांबल्या. "एकाच बिल्डिंगमध्ये? एकाच मजल्यावर?" त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. आम्ही भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतो.

त्यांनी आम्हाला दोघांनाही आत बोलावलं आणि चौथीतल्या मुलांना बोलावं तसं बोलल्या. दोन आठवडे विश्रांती. नंतर आठवड्यातून तीनच दिवस. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, आणि घरी.

"एक मिनिट?" मी म्हणालो. मला हसू आलं.

"एक मिनिट. आणि इतकं हळू की बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करायचा. कोणीतरी सोबत घ्या म्हणजे कळेल." मग आमच्याकडे आळीपाळीने बघून त्या म्हणाल्या, "सोबतीचा प्रश्न तर मिटलेलाच आहे."

सोळाव्या दिवशी सव्वापाचला आम्ही एकाच वेळी दार उघडलं. नाइलाजाने बरोबर उतरलो. पहिलं मिनिट पळून झालं. चालताना ते म्हणाले, "त्या बाईने बोलाला सांगितलेलं आहे."

"मग बोला की."

"पंप तुम्हीच लवकर बंद करतांत. आमच्या घरी पाणी चढत नाही."

इमारतीचा पंप लावायची पाळी त्या वर्षी माझ्याकडे होती. मी त्यांना सांगितलं की पाणी चढत नाही कारण त्यांच्या टाकीचा कॉक सहा महिने गळतोय, आणि स्टोअर्समध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला एक वॉशर मिळू नये हे नवल आहे. ते पूर्ण वाक्य मी पळता पळता बोललो. त्यांनीही पळता पळता उत्तर दिलं. दुसरी फेरी संपली तेव्हा भांडण अर्धवट होतं, म्हणून बुधवारी पुन्हा यावं लागलं.

असं ते सुरू झालं. सोमवार, बुधवार, शनिवार. पंप संपला की भाषा. ते म्हणायचे, तुम्ही अर्धं हिंदी बोलतांत आणि त्याला मराठी म्हणतांत. मी म्हणायचो, तुमची क्रियापदं मेलेली आहेत, त्यांना उगाच उठवून बसवताय. एकदा आमटीत गूळ का घालायचा यावर आम्ही अख्खा आठवडा काढला. मे महिन्यात एक मिनिटाची दोन झाली, ऑगस्टपर्यंत पाच. राग फार आला की वेग वाढायचा आणि वाक्य तुटायचं. मग जो आधी अडखळला त्याला ऐकून घ्यावं लागायचं. त्या धाकाने दोघंही हळू पळायला शिकलो. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागली, असं कोणी समजू नये. मी फक्त रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीचे मुद्दे काढायचो.

नोव्हेंबरात पावसाने कॉलनीचा रस्ता बुडवला. पंधरा दिवस गुडघाभर पाणी, मग चिखल, मग मला ताप. महिन्याने खाली उतरलो तेव्हा मी सरळ दहा मिनिटं पळायचं ठरवलं होतं.

"एक मिनिटापासून," शेजारी म्हणाले.

"महिनाभराने काय सगळं विसरलो का?"

"तुमची नडगी विसरली असेल. एक मिनिट."

मी त्यांना भित्रा म्हणालो. ते तिथेच उभे राहिले, हलेनात. मी एकटा पुढे गेलो, वळणापर्यंत. नडगीत ती ओळखीची कळ आली. परत फिरलो तेव्हा ते घड्याळ बघत होते. "सुरू कराचं?" एवढंच म्हणाले. मी एक मिनिट पळालो. असा संताप मला आयुष्यात फार वेळा आलेला नाही. जानेवारीच्या शेवटी मात्र आम्ही न थांबता अर्धा तास पळत होतो, आणि भांडत होतो.

गेल्या महिन्यात ते दहा दिवस शहरात एग्मोरला मुलीकडे राहायला गेले. सोमवारी मला उतरायचं काही कारण नव्हतं, तरी उतरलो. एकटाच पळालो, ओठ हलवत, त्यांनी काय म्हटलं असतं आणि मी काय म्हणालो असतो ते जुळवत. दूधवाल्या बाईने वळून पाहिलं. बुधवारीही गेलो, शनिवारीही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? जाणारच ना आता तू." जणू त्यात काही विशेष नव्हतं. मला राग आला तो याचा, की ती बरोबर बोलत होती.

परत आल्यावर त्यांनी सांगितलं, मुलीच्या गच्चीवर आठवड्यातून तीन दिवस पळालो. सत्तावीस फेऱ्या, पाण्याच्या टाक्यांना वळसे घालून. मी तोंडावर म्हणालो, थाप आहे. अर्धा तास आम्ही पळता पळता त्यावरच भांडलो. ते एकदाही अडखळले नाहीत, तेव्हा मला मानावं लागलं.