चार बोटं साल

नदीकाठच्या पार्कातलं कोह्याचं मोठं झाड मी मारलं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि साल तर तिच्याचसाठी काढत होतो.

पार्क म्हणजे आमच्या सौंसरच्या बाजूला नदीच्या काठानं कुंपण घालून राखलेलं जंगल. सागवान, मोह, बेहडा, आणि पाण्यावर वाकलेले कोहे. रविवारी माणसं डबे घेऊन येतात, लेकरं झोक्यांवर भांडतात, बायका खडकावर बसून पाण्यात पाय सोडतात. संत्र्याच्या दिवसांत तिथल्या चौकीदाराचा आवाज दिवसभर ऐकू यायचा, "साली खिशात घाला जी, खिशात! नदी काय तुमचा डस्टबिन हाये?" लोक हसायचे, पण घालायचे.

मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवतो. पार्क झाला तेव्हा झाडांवरच्या पाट्यांचा मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला होता. आमच्याकडे, राज्याच्या सीमेपलीकडे, घरात मराठी आणि कागदावर हिंदी, म्हणून पाट्या हिंदीत. मोठ्या कोह्याच्या पाटीवर मी लिहिलं होतं, 'अर्जुन. इसकी छाल हृदय रोग में उपयोगी.' लिहिताना फार बरं वाटलं होतं.

दर हिवाळ्यात मुलांना तिथं न्यायचो. त्या कोह्याच्या बुंध्याला वेढायला पाच मुलं हात धरून उभी राहायची. त्याची पांढरी खपली आपोआप गळते, ती मुलं वहीत चिकटवायची. मी सांगायचो की पानांत तयार झालेलं अन्न आतल्या ओल्या सालीतून मुळांपर्यंत उतरतं. बुंध्याभोवती सगळीकडून साल काढली तर मुळं उपाशी मरतात.

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, थोडीशी सोलली तं?"

"थोडीशी चालते. चार बोटं साल जरी वरून खालपर्यंत सलग राहिली, तरी झाड तिच्यावर तगून जाऊ शकते."

मागं चौकीदार काठी टेकून ऐकत होता. "आन् चार बोटंबी नाही राहिली तं?"

"मग झाड उभं राहते, पण उपाशी. वर्ष, दोन वर्षं."

"म्हंजे माह्यावानीच," तो पोटावरून हात फिरवत म्हणाला. मुलं खूप हसली. मीही हसलो.

त्याच वर्षी बायकोचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं पंपिंग कमी आहे. गोळ्या सुरू झाल्या. घराच्या चार पायऱ्या चढली की ती भिंतीला धरून उभी राहायची. जामसांवलीला दर्शनाला गेली तेव्हा रांगेतल्या कोण्या बाईनं तिला सांगितलं की कोह्याची ओली साल दुधात उकळून प्यायची. घरी येऊन म्हणाली, "तुमच्या पार्कात हाये ना तो? आना ना थोडीशी."

"तिथली नाही काढता येत. पांढुर्ण्याच्या वैदूकडून आणून देतो," मी म्हणालो.

वैदू कोणी नव्हता. घरच्या संत्र्यांना कलम बांधायचा चाकू होता. तो साल फार सफाईनं उचलतो. आम्ही खुंटावर कलमाचा डोळा बसवायला वापरतो. मी तळहाताएवढी साल काढली, नदीच्या बाजूनं, पायवाटेवरून दिसू नये अशी. आतून ती गुलाबी निघाली.

पायवाटेच्या बाजूनं लोकांनी काढली. का काढणार नाहीत? पाटी मीच लिहून दिली होती. एका हिवाळ्यात बुंधा दोन्हीकडून उघडा पडला. चौकीदारानं काट्याच्या फांद्या बांधल्या, माती आणि शेण कालवून जखमांना लिंपलं. मला बोलावून नेलं. मी बोटांनी मोजलं. नदीच्या बाजूला, मी काढलेल्या तुकड्याच्या शेजारी, वरपासून खालपर्यंत चार बोटांची एक पट्टी शिल्लक होती.

"सर, झाड वाचन ना जी?"

"ही राहिली तर वाचेल."

त्यानं दुसऱ्या दिवशी त्या पट्टीवर पोतं गुंडाळून वरून दोरी आवळली. येईल त्याला दटावायचा, "तिकडं नाही जायचं. सरानं सांगतलं हाये."

फाल्गुनात बायकोचं एकदम बिघडलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून उशा रचून बसूनच झोपायची. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली आणि घरी पाठवलं. मला करण्यासारखं काहीच नव्हतं. पाणी द्यायचं, उशी सरकवायची, तिच्या गळ्याजवळ उडणारी शीर बघायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ते सालीचं संपलं काय?"

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येता येता मी पार्कात पोचलो. चौकीदार फाटक उघडत होता.

"या सर! इतक्या सकायी? पक्षी पाहाले?"

"हो."

"थांबा, च्या ठेवतो. बाई कशा हायेत?"

"आहे तशीच."

तो चुलीकडे वळला. मी नदीकडे उतरलो, दोरी सैल केली, पोतं वर सारलं. दुसरे कोहेही होते, थोडं पुढं पाण्याच्या पलीकडं. पण तिथं जायला वेळ लागला असता आणि चहा होत आला होता. इतकंच. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चार बोटांचं मीच शिकवलं होतं. कमरेच्या उंचीवर मी ती पट्टी आडवी कापली, वीतभर उचलली, पोतं होतं तसं बांधलं. मग त्याच्याकडे बसून चहा प्यालो. साल पिशवीत होती, पिशवी मांडीवर.

उन्हाळ्यात बाकीचे कोहे हिरवेगार झाले, हा पिवळा पडला. पोतं सोडलं तेव्हा आडवी कापलेली पट्टी सगळ्यांनी पाहिली. वनखात्याच्या ऑफिसातून साहेब आले, पंचनामा करायचा ठरलं. पंचांत मीही होतो. साहेबांनी कागद माझ्याकडेच सरकवला, "सर, आप ही लिख दो, आपके अक्षर अच्छे हैं।" ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'चौकीदार की लापरवाही से' हे शब्द त्यांचे होते, अक्षर माझं. पेन कुठंही अडखळलं नाही.

सहीसाठी कागद चौकीदारापुढे आला. मी म्हणालो, "वाचून दाखवू?"

"सरानं लिवलं, मंग काय वाचाचं," त्यानं सही केली. पुढच्या महिन्यात त्याला कामावरून काढलं.

बायको आता बरी आहे. पायऱ्या चढते, बाजारात जाते. डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडल्या. ती शेजारणींना सांगते, "मले तं कोह्यानं वाचवलं." मला खरंच माहीत नाही. शेजारीण मला विचारते, "सर, त्या वैदूचा पत्ता द्या ना," आणि मी म्हणतो, तो गाव सोडून गेला.

मागच्या महिन्यात बोरगावच्या फाट्यावर चौकीदार भेटला. आता दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्रा तोडायला जातो. मला पाहून त्यानं डोक्यावरचा क्रेट खाली ठेवला.

"नमस्कार सर. कोह्याले पालवी आली काय?"

झाड केव्हाच वाळलं आहे. फांद्यांवर पानकावळे बसतात, मुलं विचारतात हे कोणतं झाड, आणि नवा चौकीदार पाटी दाखवतो.

"थोडीशी येऊन राहिली," मी म्हणालो.

त्यानं मोठा श्वास सोडला. "बरं झालं. मले वाटे, माह्याच डोया लागला असन एखाद्या दुपारी, आन् कोनी काढून नेली. लय जीवाले लागून राह्यलं होतं."

बस आली. मी चढलो. तो खालून हात हलवत होता, "बाईले सांगजा, इचारलं म्हनून."

खिडकीतून मी हात हलवला. उतरलो नाही.

दोन गोष्टी माझ्याकडे बाकी आहेत. बोरगावात त्याच्या दारात उभं राहून सांगायचं आहे की तुमचा डोळा लागला नव्हता, तुम्ही चहा करत होता आणि साल मी कापली. आणि ऑफिसात जाऊन, त्याच अक्षरात, दुसरा कागद लिहून द्यायचा आहे. यांतलं एकही अजून केलेलं नाही.