जर्मनीसाठी एक वर्ष

अकोल्याच्या कमलाकांत वकिलांचा सौमित्र अमरावतीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आला तोच मुळी सोडून जाण्यासाठी. त्याला मेकॅनिकल शिकायचं होतं ते जर्मनीत. तिथली पदवी तीन वर्षांची, त्यातले काही महिने थेट कारखान्यात. पण आपली बारावी त्यांना पुरत नाही. म्हणून आधी इथल्या चार वर्षांतलं पहिलं वर्ष पास व्हायचं, मग तिकडं नव्यानं सुरुवात. हे त्यानं होस्टेलच्या मेसमध्ये मोठ्या हौसेनं सांगून टाकलं, आणि तिथंच घात झाला.

कापसाचे ते वाईट दिवस. निम्म्या पोरांच्या गावी शेतीत राम उरला नव्हता. पदवी हाच बाहेर पडायचा रस्ता. हिवरखेडचा सहदेव तिसऱ्या वर्षाला होता, गणितात आपटत आपटत पोचलेला.

"काहून बे," तो म्हणाला, "आमी चार वर्सं घासून राहिलो, अन् तू वर्साचा पाव्हना? कॉलेज म्हंजे तुही धरमशाळा हाय काय?"

त्याच संध्याकाळी गच्चीवर नेऊन त्यानं सौमित्रला लाथांनी तुडवलं. मग ते नेहमीचंच झालं. कधी पट्टा, कधी गाठ मारलेला ओला टॉवेल. "जर्मन बोल," सहदेव आणि त्याचे दोस्त म्हणायचे, आणि बोलला की हाणायचे. दिवाळीच्या तोंडावर सहदेवची थप्पड डाव्या कानावर अशी बसली की रक्त आलं, पडदा फाटला. घरी त्यानं सांगितलं, पोहताना पाणी गेलं. तक्रार केली तर घरचे परीक्षेआधीच होस्टेलमधून काढून नेतील, वर्ष जाईल, आणि वर्षासोबत जर्मनी. म्हणून तो गप्प राहिला.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी वर्कशॉपमध्ये सहदेव प्रोजेक्टचं काम करत होता. डावा हात ऐरणीवर टेकवलेला, तोंडानं गाणं गुणगुणत होता. सौमित्र मागून आला. हातोडा त्याच्या हातात होताच. त्यानं तो त्या पंजावर घातला. सहदेव किंचाळला, तेव्हा पुन्हा घातला. हाडं फुटल्याचा आवाज त्याच्या उजव्या कानाला स्वच्छ ऐकू आला. पोरांनी ओढलं नसतं तर तो थांबला नसता.

सहदेवचं एक बोट कापावं लागलं.

चौकशीच्या आधी वकिलांनी मुलाला बजावलं, "आधी त्यानं हात उगारला, एवढंच म्हणायचं. पुराव्याला फाटलेला कान आहेच."

प्राचार्यांसमोर सहदेव बँडेज बांधून उभा होता. सौमित्रनं तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेला. "त्यानं मला खूप मारलं, सर. पण त्या दिवशी नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नव्हतं. मी मागून मारलं."

वकिलांनी डोळे मिटले. मग सहदेव जमिनीकडं बघत म्हणाला, "त्याचा कान म्या फोडला."

दोघांनाही कॉलेजनं काढलं. सौमित्रचं वर्ष गेलं. त्यानं अकोल्यात पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी मध्येच सोडून न जाता पुरती चार वर्षं काढली. ती पदवी हाती आल्यावर जर्मनीनं त्याला पुढच्या शिक्षणाला सरळ घेतलं.

जाण्याआधी तो हिवरखेडला गेला. सहदेव कामावर होता. त्याची आई पार्बताबाई दारात आली. सौमित्रनं नाव सांगितलं. ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"पानी पेतं काय?"

तो हो म्हणाला, उभ्याउभ्याच प्यायला.

"मी येऊन गेलो म्हणून सांगाल?"

"नाई सांगत," ती म्हणाली, आणि रिकामा गिलास घेऊन तिनं दार लावून घेतलं.