युद्धमंत्री सेनेक

आमच्या डोंगरावर एक साम्राज्य आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी त्यात झेंड्याची राणी आहे आणि बोलताना कुणी खिदळलेलं मला खपत नाही. राजधानीतलं, पोर्ट-ओ-प्रिन्सचं सरकार वेगळं. ते आम्हाला विचारत नाही, आम्ही त्याला विचारत नाही. आमचं साम्राज्य म्हणजे एकमेकांची शेतं खणून देणारी मंडळी. त्यात सम्राट आहे, राज्यपाल आहे, युद्धमंत्री आहे, शांततेचा जनरल आहे (गप्प बसा म्हणून सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडतो), आणि सगळी पदं सम्राटाने नेमलेली.

प्रत्येक पदाला उत्पन्न आहे. उत्पन्न म्हणजे पाळी. पेरणीआधी सगळी मंडळी ढोल घेऊन एकेकाच्या उतारावर जाते आणि दिवस मावळायच्या आत शेत खणून देते. पहिली पाळी सम्राटाची, मग राज्यपालाची, तिसरी युद्धमंत्र्याची. खालच्या पदांची पाळी येईपर्यंत पाऊस धो धो कोसळून गेलेला असतो, मका कसाबसा गुडघ्याला लागतो. माझं पद तळाकडचं. त्यामुळे वरच्या पाळीची किंमत मला कुणी सांगायला नको.

सेनेककाका आमचा युद्धमंत्री. मी फ्रॉकमध्ये फिरायची तेव्हापासून तोच. युद्ध कुणाशी, हे आजवर कुणी विचारलं नाही. त्याचं काम ओळ राखण्याचं. कुदळींची ओळ ढोलाबरोबर वर चढते, कोण मागे रेंगाळतोय, कोण ढेकळं तशीच सोडतोय, यावर त्याचा डोळा असायचा. "ए फ्रेनेल, जमीन खणतोयस का तिला गुदगुल्या करतोयस?" असं माझ्या नवऱ्याला भर ओळीत म्हणायचा. पितळी बटणांचा एक जुना कोट होता, तो घालूनच खणायचा. घामाने निथळायचा, पण कोट काढायचा नाही. मला म्हणायचा, "राणीसाहेब, कोट काढला की मी नुसता सेनेक राहतो." मेला भारी नखरेल होता, आणि मला तो फार आवडायचा.

काकाची बायको वारून बरीच वर्षं झाली. मुलगी रोझमेन राजधानीत एका खोलीत राहते, नवरा आणि पोरांसकट. ती दरवर्षी निरोप पाठवायची, बाबा, इकडे या. काकाचं उत्तर ठरलेलं. "तिथे खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. मी काय भिंतीवर मका पेरू?" पण त्यालाही ठाऊक होतं, आम्हालाही. त्याच्या शेताचा चढ एकट्या म्हाताऱ्याला खणवणारा नव्हता. तिसरी पाळी होती म्हणून तो डोंगरावर होता. ती गेली की गाठोडं बांधून त्या खोलीत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि पाळी जाऊ शकत होती. आमच्यात नियम आहे. हंगामाच्या सुरुवातीला आम्ही आधी दोन दिवस साम्राज्याची सामाईक जमीन खणतो, तिच्या घेवड्यावर वर्षाची मेजवानी होते. तिथे ज्या पदाधिकाऱ्याला ओळ मध्येच सोडावी लागेल तो विश्रांतीला गेला. पद गेलं, पाळी गेली. ओळीत न उतरणारा एकटा सम्राट. सम्राटाने कुदळीला हात लावायचा नाही, हेही नियमातच आहे.

आमचा सम्राट एस्तिमाब. आंब्याखाली खुर्ची टाकून, डोक्याला फेल्टची हॅट घालून बसायचा. हाडापेराने चांगला दणकट. बाप गेल्यावर खुर्ची मिळावी म्हणून याने घरोघर कोंबड्या वाटल्या होत्या, हे पोरांनाही माहीत. काका त्याला येताजाता टोचायचा. "एस्तिमाब, ऊठ रे जरा. तुझ्या खुर्चीला मुळं फुटतील." एस्तिमाब म्हणायचा, "मंत्रीसाहेब, जीभ आवरा, नाहीतर झाडू मारायचं खातं देईन." दोघांचं हे असं कायमचं.

यंदा काका तापातून उठला तो अर्धाच उठला. कोट अंगावर टांगल्यासारखा दिसायचा. सामाईक जमिनीच्या आदल्या संध्याकाळी मी फ्रेनेलला दम दिला, "तू काकाच्या डावीकडे उभा राहायचं. तो दोन घाव घालेल, तिसरा तुझा. आणि त्याला कळलं तर घरात पाऊल टाकू नकोस."

"मंत्र्याच्या ओळीत हात घालू? मला पदावरून काढतील," फ्रेनेल म्हणाला.

"तुला पदच कुठे आहे?" मी म्हटलं.

सकाळी ढोल सुरू झाला. मी झेंडा घेऊन वर उभी, मला सगळी ओळ दिसत होती. फ्रेनेल गाण्यावर डोलल्यासारखं करून काकाच्या बाजूला घाव घालत होता. शाबास, म्हटलं. मग माझी नजर काकाच्या उजवीकडे गेली. तिथे ओबेद होता, एस्तिमाबचा पुतण्या, बैलासारखा तगडा. तोही तेच करत होता! आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, कारण मध्ये काका. मी वरून झेंडा हलवून फ्रेनेलला खुणावत होते, तर त्या शहाण्याला वाटलं, बायको म्हणतेय जोर लाव. त्याने जोर लावला.

व्हायचं तेच झालं. काका सगळ्यांच्या आधी टोकाला पोहोचला. तरण्याताठ्या पोरांच्या आधी! ढोल थांबला, मग असा कडाडला की विचारू नका. लोकांनी काकाला खांद्यावर घेतलं, उसाची दारू पाजली. कोटाची बटणं चमकत होती. मी मात्र कपाळाला हात लावला. कारण जो ओळ जिंकतो, त्याने दुसऱ्या दिवशी कडेला उभं राहून ओळ ओढायची, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून वेग ठरवायचा. कडेला डाव्या हाताला दरी. उजव्या हाताचा माणूस रीतीप्रमाणे हातभर मागे. ओढणाऱ्याच्या मातीला दुसऱ्या कुणाची कुदळ लागायची नाही.

संध्याकाळी ओबेदला मी झाडाआड गाठलं. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"एस्तिमाबकाकांनी," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाले, कुणाला बोललास तर तंगडं तोडीन."

त्या खुर्चीवाल्याला मी आयुष्यभर नावं ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी काका कडेला उभा राहिला. सुरुवात झोकात केली. गाणंही त्यानेच उचललं. पण चढ अर्धा झाला आणि गाण्यातले शब्द गळायला लागले, मग सूरच गेला. कुदळ वर जायची आणि तिथेच घुटमळायची. ओळ त्याच्यासाठी हळू झाली, ढोलवाल्याने ठेका सैल सोडला, तरी काका मागेच. शेवटी तो ढेकळावर बसला. ढोल थांबला. इतकी शांतता झाली की जनरलला काही कामच उरलं नाही.

एस्तिमाब खुर्चीतून उठला, चढ चढून वर आला.

काका म्हणाला, "बोल बाबा. तुझ्या बापाने नियम केला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी होतो. आणि काल ओळ कुणी खणली ते मला समजलं नाही असं समजू नका. दोन्हीकडून माती माझ्या पायांवर उडत होती. मला वाटलं, एक दिवस मिरवून घ्यावं. मिरवलं. आता बोल."

एस्तिमाबने घसा खाकरला. "युद्धमंत्री सेनेक विश्रांतीला गेले."

मला त्याचा असा राग आला की झेंड्याची काठी त्याच्या डोक्यात घालावी. काका कोटाची बटणं काढायला लागला. एक बटण काही केल्या निघेना.

"कोट राहू द्या," एस्तिमाब म्हणाला. "उद्यापासून पाळ्या सुरू व्हायच्यात आणि युद्धमंत्र्याचं पद रिकामं आहे. मी त्यावर स्वतःला नेमतो. मग सम्राटाचं पद रिकामं राहतं. त्यावर सेनेककाकांना नेमतो. कुणाची हरकत?"

त्याने हॅट काढून काकाच्या डोक्यावर ठेवली. ती कानांवर उतरली. काकाची कुदळ उचलून तो ओळीच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याचं टक्कल आम्ही पहिल्यांदाच पाहिलं, बिचाऱ्याचं.

"एस्तिमाब, मी तुला जन्मभर शिव्या दिल्या रे," काका म्हणाला.

"आता खुर्चीवरून द्या. जरा बसून द्या."

फ्रेनेल आणि ओबेदने काकाला हात देऊन आंब्याखाली नेलं, खुर्चीत बसवलं. आम्ही उरलेला चढ पुरा केला. एस्तिमाब सगळ्यांच्या मागे राहिला. हातांना सवय नव्हती, तळवे सोलून निघाले होते, तरी त्याने कुदळ खाली ठेवली नाही. संध्याकाळी सगळे खुर्चीभोवती जमलो. ढोलवाल्याने रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "महाराज, उद्या पहिली पाळी कुणाची?"

हे सम्राटानेच सांगायचं असतं, स्वतःच्या तोंडाने. काकाने हॅट कानांवरून वर सारली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"माझी," तो म्हणाला, आणि हॅट तोंडावर धरून लहान पोरासारखा रडायला लागला.